दुष्काळाला पुरून उरणारे फूल

दुष्काळात तग धरणारी वनस्पती म्हटले, की काटक, चिवट, कुठेही टाकली तरी येणारी अशी काहीतरी गोष्ट आपल्या मनात उभी राहते. चिवटपणा हा एकच एक गुण आहे आणि तो ज्याच्या अंगी आहे त्याला पाण्याचा तुटवडा, ऊन, गुरे, विळा, नांगर असे सगळेच सोसते, असे आपण नकळत धरून चालतो. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी प्रेअरी नावाचा जो विस्तीर्ण गवताळ प्रदेश होता, तिथले एक पिवळे रानफूल हा समज खोटा ठरवते. त्याचे नाव कंपास प्लँट. शास्त्रीय नाव सिल्फियम लॅसिनिएटम, लिनियसने १७५३ मध्ये दिलेले. आजूबाजूचे गवत करपून तांबूस पडले तरी हे झाड आठवडेच्या आठवडे हिरवे राहते आणि भर उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, फुलते. तरीही त्याच्या मूळ प्रदेशाच्या फार मोठ्या भागातून ते शंभरेक वर्षांत नाहीसे झाले. यात विसंगती दिसते, पण ती वरवरची आहे. ज्या रचनेमुळे ते कोरड्या वर्षांत जगते, त्याच रचनेमुळे ते नांगरापुढे हतबल ठरते. ती रचना उभी राहायला वर्षे लागतात आणि त्या वर्षांत जमीन कुणी हलवायची नसते.

झाड दिसायला कसे असते, ते आधी पाहू. ओहायोपासून नेब्रास्कापर्यंत आणि मिनेसोटापासून टेक्सासपर्यंतच्या पट्ट्यात ते आढळते. ते सूर्यफुलाच्या कुळातले, बहुवर्षायू आहे. पाने मुख्यतः बुडाशी, हातभर लांब, खोल कातरलेली आणि स्पर्शाला खरखरीत. फुलांचा दांडा माणसाच्या डोक्यावर जातो. दोन-तीन मीटर उंची काही विशेष नाही. फूल सूर्यफुलासारखेच दिसते, पण आतली व्यवस्था नेमकी उलटी आहे. सूर्यफुलात मधल्या चकतीत बी धरते आणि कडेच्या पाकळ्या वांझ असतात. इथे मधली पुष्पके फक्त पराग देतात आणि बी धरते ते कडेच्या पिवळ्या किरणपुष्पकांच्या तळाशी. म्हणजे एवढ्या मोठ्या फुलातून हाती येते ते जेमतेम दोन-तीन डझन बी, तेही जड आणि चपटे, वाऱ्याबरोबर दूर जायला म्हाताऱ्या नसलेले. आईच्या पायाशीच पडणारे. दांडा दुखावला की राळ पाझरते. ती सुकल्यावर आदिवासी जमातींची मुले ती च्युइंग गमसारखी चघळत आणि पुढे गोऱ्या वसाहतवाल्यांची मुलेही चघळू लागली. मेल्व्हिन गिलमोर यांनी १९१९ मध्ये मिसूरी नदीच्या खोऱ्यातील जमातींच्या वनस्पती-वापराची नोंद प्रसिद्ध केली, तीत आणखी एक गोष्ट आहे. हे झाड जिथे दाट उगवते तिथे वीज फार पडते, असे ओमाहा आणि पोंका लोक मानीत. म्हणून ते तिथे मुक्काम करीत नसत, आणि वादळात विजेपासून रक्षण व्हावे म्हणून त्याचे वाळलेले मूळ जाळीत.

नावातला कंपास मात्र गोऱ्या प्रवाशांनी चिकटवलेला आहे. या झाडाची पाने जमिनीशी आडवी न राहता उभी राहतात आणि त्यांच्या कडा उत्तर-दक्षिणेला, तर चपट्या बाजू पूर्व-पश्चिमेला असतात. ढगाळ दिवशी किंवा अंधारात पाने चाचपून दिशा कळते, अशी ख्याती पसरली. बेंजामिन अल्व्हर्ड या लष्करी अधिकाऱ्याने १८४२ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल इन्स्टिट्यूटला हा प्रकार कळवला आणि काही जणांनी पानांत चुंबकत्व असल्याचा तर्क लढवला. लाँगफेलोच्या 'इव्हॅन्जेलिन' या १८४७ च्या काव्यातही हे फूल आले आहे, पण नाजूक देठावरचे म्हणून. कवीने हे पुरुषभर उंच, खरखरीत झाड पाहिले नसावे. चुंबकाची कल्पना एकोणिसाव्या शतकातच मागे पडली. आसा ग्रे आणि इतर वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवले, की बहुतेक पानांची पर्णरंध्रे खालच्या बाजूला जास्त असतात, पण या पानाच्या दोन्ही बाजूंना ती जवळपास सारखी असतात. म्हणजे पानाला वर-खाल अशी बाजूच नाही. १८८१ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एर्न्स्ट स्टाल यांनी युरोपातील रानटी लेट्यूसवर, म्हणजे त्याच कुळातील दुसऱ्या एका वनस्पतीवर, असेच काम केले आणि दिशा ठरवतो तो सूर्यप्रकाश, हे स्पष्ट केले. सावलीत वाढलेल्या झाडाची पाने दिशाहीन राहतात. उघड्यावरही सगळी पाने काटेकोर उत्तर-दक्षिण नसतात. कल तेवढा असतो. एका पानावर विसंबून रात्री कुणी वाट धरली, तर तो भलत्याच गावाला पोहोचेल.

दिशादर्शन हा पानाचा हेतू नाहीच. त्याचा हिशेब पाण्याचा आहे. सकाळी हवा गार आणि दमट असते, तेव्हा पर्णरंध्रे उघडली तरी पाणी फारसे उडत नाही. त्या वेळी तिरका सूर्य उभ्या पानाच्या पूर्वेकडील बाजूवर थेट पडतो आणि अन्न तयार होते. दुपारी, हवा सर्वांत कोरडी आणि तापलेली असताना, सूर्य माथ्यावर असतो आणि पानाच्या फक्त कडेवर पडतो. पान कमी तापते, पाणी कमी उडते. संध्याकाळी पश्चिमेकडची बाजू कामाला लागते. आयोवा स्टेट विद्यापीठातील टॉमस ज्युरिक आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास पानांच्या दिशा मुद्दाम बदलून मोजमापे केली. नैसर्गिक दिशेतल्या पानाने दिवसभरात जास्त कार्बन कमावला आणि खर्च झालेल्या पाण्याच्या मानाने ती कमाई अधिक होती. ही काटकसर मात्र अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी जमिनीखाली आहे आणि तिचा शोध घ्यायला माणसांना खड्ड्यात उतरावे लागले.

तो शोध प्रामुख्याने जॉन अर्नेस्ट वीव्हर (१८८४–१९६६) यांचा. नेब्रास्का विद्यापीठात त्यांनी अख्खी हयात प्रेअरी अभ्यासण्यात घालवली. माणूस उभा राहून काम करू शकेल असे खोल चर खणायचे आणि भिंतीतली माती हळूहळू खरडून एकेक मूळ मोकळे करायचे, ही त्यांची पद्धत. यंत्रांच्या आजच्या काळातही या कामाला सोपा पर्याय निघालेला नाही. १९१९ मध्ये त्यांचा मुळांवरचा पहिला मोठा ग्रंथ आला आणि त्यानंतरच्या दशकांत प्रेअरीच्या जमिनीखालची रचना लोकांना दिसली. लिटल ब्लूस्टेमसारख्या गवताची मुळे दीड मीटरपर्यंत जातात, पण त्यांचा दाट जाळीदार भाग वरच्या थरातच असतो. कंपास प्लँटचे सोटमूळ हा थर ओलांडून जाते आणि तीन-चार मीटर, काही ठिकाणी त्याहूनही खोल पोहोचते. एकाच वर्गमीटर जमिनीवर उभी राहणारी ही झाडे पाणी मात्र वेगवेगळ्या मजल्यांवरून उचलतात. चार-दोन सरी पडल्या की वरचे पाणी गवत पिऊन टाकते. त्या वाटपात कंपास प्लँट फारसे पडतच नाही. त्याचा भरवसा मागच्या हिवाळ्यात वितळलेल्या बर्फावर, मागच्या ओल्या वर्षात झिरपून गेलेल्या पाण्यावर असतो. कोकणातल्या घरात पावसाळ्याची बेगमी आधीच्या महिन्यांत करून ठेवतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की ही बेगमी झाड भरत नाही, जमीन भरते. झाडाला फक्त तिथवर पोहोचायचे असते.

इथे एक रास्त शंका येते. खोल पाणी हाताशी असेल, तर पानांनी एवढी काटकसर कशाला करायची? आणि पाने इतकी काटकसरी असतील, तर एवढे मूळ कशाला हवे? माझ्या मते दोन्ही गोष्टी एकमेकींवाचून अपुऱ्या आहेत. खोल पाणी म्हणजे मुबलक पाणी नव्हे. तीन मीटर खोल मुळांची संख्या कमी असते, मातीतला ओलावा त्यांच्यापर्यंत सावकाश सरकतो आणि तिथून वर खेचायचे अंतर मोठे. दुपारी दोन वाजता हातभर लांबीच्या आडव्या पानाने जेवढे पाणी मागितले असते, तेवढे या मार्गाने त्या क्षणी पुरवता येणे कठीण. म्हणून मागणीच दिवसाच्या दोन टोकांना वाटून दिलेली दिसते. शिवाय खालचा साठा अक्षय नाही. १९३३-३४ पासून प्रेअरीवर जी सलग कोरडी वर्षे आली, त्यांचा वीव्हर आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. आधी लिटल ब्लूस्टेमसारखी वरच्या थरावर जगणारी गवते मोठ्या प्रमाणात मेली आणि त्यांच्या जागी वेस्टर्न व्हीटग्रास पसरले. खोल मुळांच्या फुलझाडांनी सुरुवातीला चांगला टिकाव धरला. पण कोरडी वर्षे लांबत गेली, तसा खालचा थरही सुकला आणि त्यांच्यातल्याही अनेकांना फटका बसला. खोल मूळ म्हणजे अभय नव्हे. एक-दोन वाईट वर्षे ओलांडून जाण्याची सोय, एवढाच त्याचा अर्थ.

आता या सोयीची किंमत. बी थंडीत, ओल्या मातीत काही आठवडे राहिल्याशिवाय नीट रुजत नाही. रुजल्यावर पहिल्या वर्षी एखाद-दुसरे पान दिसते. रोपाची कमाई खाली जात असते आणि वर बघणाऱ्याला वाटते की हे काही वाढत नाही. फुलायला बरीच वर्षे लागतात. आल्डो लिओपोल्ड या वनाधिकाऱ्याने, पुढे विस्कॉन्सिनमध्ये प्राध्यापक झालेल्या लेखकाने, १९४९ मध्ये मरणोत्तर प्रकाशित झालेल्या 'अ सँड काउंटी अल्मनॅक' या पुस्तकात लिहिले आहे, की बियांपासून लावलेली त्याची रोपे पाच वर्षांनंतरही फुलली नव्हती. मोठे झाड खणून आपल्या जमिनीत न्यावे असाही प्रयत्न त्याने करून पाहिला, पण उभ्या रताळ्यासारखे जाडजूड मूळ खाली खाली जातच राहिले आणि त्याने नाद सोडला. एकदा प्रस्थापित झालेले झाड मात्र अनेक दशके जगते. शंभर वर्षांचा अंदाजही वर्तवला जातो. ते फुटवे पसरवत नाही, वाढते ते बियांपासूनच. आणि बी धरायला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. म्हणजे एकटे उरलेले झाड फुलते, पण त्याचा वंश पुढे जात नाही.

मराठी शेतकऱ्याला इथे एक आक्षेप सहज सुचेल आणि तो वजनदार आहे. सोलापूर-मराठवाड्याच्या काळ्या रानात रब्बीला जिरायती करडई घेतात. तीही याच कुळातली, तिलाही पिवळी-केशरी फुले, तिचेही सोटमूळ खोल जाते आणि तीही परतीच्या पावसाने साठलेल्या ओलीवर, पुढे पाऊस न पडताही, पिकते. तिला हे सगळे चार-साडेचार महिन्यांत जमते. मग दुष्काळ सोसण्यासाठी वर्षानुवर्षांचा संथपणा लागतोच असे कसे म्हणायचे? उत्तर त्या शेताच्या बांधाच्या आतल्या परिस्थितीत आहे. करडईसाठी जमीन आधी मोकळी केलेली असते. खरिपात रान पडीक ठेवून ओल जपलेली असते. तण काढलेले असते. मुळाला वाटेत स्पर्धक नसतो आणि साठा तिच्या एकटीसाठी असतो. शिवाय तिला एकच हंगाम निभवायचा असतो. पीक फसले तर पुढच्या वर्षीचे बी शेतकऱ्याकडे किंवा दुकानात असते. म्हणजे वाईट वर्षाचा धोका झाडाकडून माणसाकडे गेलेला असतो. कंपास प्लँटच्या रोपाला शतकानुशतके विणल्या गेलेल्या गवताच्या मुळांच्या गादीतून वाट काढावी लागते, पानांना गवताच्या सावलीत प्रकाश मिळवावा लागतो, आणि बियांचा साठा कुणी जपत नाही. तिथे घाई करणारे रोप मरते. करडईचा वेग खरा आहे, पण तो नांगराने आणि खुरप्याने विकत घेतलेला आहे.

दुसरा आक्षेप पावसाचा. हे झाड जिथे वाढते त्या उंच गवताच्या प्रेअरीवर वर्षाला सातशे ते हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मग याला कोरड्या रानातले म्हणावे कसे? मराठवाड्याचे सरासरी पर्जन्यमान या पल्ल्याच्या खालच्या टोकाशी बसते आणि तिथे दुष्काळ पडत नाही असे कुणी म्हणणार नाही. सरासरीला दुष्काळ दिसत नाही. पावसाचे वर्षभरातले वाटप, उन्हाळ्यातले खंड आणि एका मागोमाग येणारी वाईट वर्षे यांवरून ठरते, की झाडाला काय सोसावे लागते. त्यातही ते उताराच्या, लवकर सुकणाऱ्या प्रेअरीवर चांगले टिकते. रॉकी पर्वताच्या पायथ्याकडच्या खरोखरच्या कोरड्या, आखूड गवताच्या मैदानांत मात्र ते जात नाही, हेही मान्य केले पाहिजे. तिथे खालचा साठा भरायला पुरेसे पाणीच झिरपत नाही, म्हणून एवढ्या मुळाचा खर्च भरून येत नसावा.

आणि मग नांगर. प्रेअरीची चिकट, मुळांनी घट्ट बांधलेली माती जुन्या बिडाच्या नांगरांना चिकटून बसे. जॉन डियर या लोहाराने १८३७ मध्ये इलिनॉयमध्ये पोलादी पात्याचा गुळगुळीत नांगर बनवला आणि पुढच्या काही दशकांत ही जमीन मक्याखाली गेली. इलिनॉयमध्ये सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. १९७० च्या दशकातल्या पाहणीत चांगल्या स्थितीतली अडीच हजार एकरांच्याही आत उरलेली आढळली. कंपास प्लँटला आग चालते. प्रेअरीवर वणवे बहुधा वसंताच्या सुरुवातीला किंवा शरदात येत. तेव्हा जमिनीवर जिवंत असे काही नसते आणि जगण्याच्या कळ्या मातीच्या पृष्ठाखाली, मुळाच्या माथ्यावर सुरक्षित असतात. आगीने सावली देणारी झुडपे मरतात, म्हणजे फायदाच. फाळ नेमका त्या कळ्यांच्या थरातून दरवर्षी जातो. खाली चार मीटर मूळ असले तरी वरची पाने मिळाली नाहीत तर ते उपाशी मरते. गुरांचेही तसेच. जनावरांना हे झाड फार आवडते. रानगव्यांचे कळप चरून पुढे जात आणि मधल्या काळात झाड सावरे. कुंपणातली गुरे पुन्हा पुन्हा तेच झाड शोधतात. निसर्गातल्या प्रत्येक आपत्तीनंतर या झाडाला सावरायला वेळ मिळत होता. शेतीने तो काढून घेतला. कोरड्या सातआठ वर्षांनी जे साधले नाही, ते इथे दोन-तीन हंगामांत साधले.

यावर कुणी म्हणेल की झाड काही नामशेष झालेले नाही. रोपवाटिकांत बी मिळते, बागांत दिसते, मिसूरी किंवा कॅन्ससमध्ये ते आजही रस्त्याकडेला फुलते. हे खरे आहे. कॅन्ससमधल्या फ्लिंट हिल्स भागात मातीत दगड एवढा की नांगर चाललाच नाही, म्हणून तिथे मोठी प्रेअरी उरली. पण दीर्घायुषी झाडांच्या बाबतीत 'दिसते' हा पुरावा फसवा असतो. पन्नास वर्षांपूर्वी रुजलेले झाड आजही फुलते, म्हणून आज तिथे रोप रुजते आहे असे होत नाही. इलिनॉय आणि आयोवात ही झाडे उरली ती बहुतेक लोहमार्गांच्या कडेला आणि जुन्या दफनभूमींत, जिथे माणसाने जमीन नांगरायची नाही असे दुसऱ्याच कारणाने ठरवले होते. लिओपोल्डने सॉक काउंटीतल्या अशाच एका दफनभूमीच्या कोपऱ्यातल्या झाडाबद्दल लिहिले. रस्त्याच्या कामगारांनी कुंपण काढले आणि झाड कापले गेले. असे तुटक तुकडे मोजताना झाडे किती, यापेक्षा त्यांत पाच वर्षांखालची रोपे किती, हे विचारायला हवे. दफनभूमीतले झाड एकटे असेल तर तो प्रश्नही उरत नाही, कारण परागच येत नाही. त्याच्या दांड्याच्या आत राहणाऱ्या गांधीलमाशीच्या जातीच्या सूक्ष्म कीटकांसारख्या, फक्त या गटाच्या झाडांवर जगणाऱ्या जिवांचाही हिशेब तिथेच संपतो.

प्रेअरी पुन्हा उभी करण्याचे पहिले मोठे प्रयोग १९३० च्या दशकात, म्हणजे त्याच दुष्काळाच्या काळात, विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील उद्यानात सुरू झाले आणि आता अनेक राज्यांत जुनी शेते अशा गवत-फुलांचे बी पेरून परत घेतली जातात. त्यात कंपास प्लँटचे बी शरदाच्या शेवटी पेरतात, म्हणजे थंडी आपोआप मिळते. पैसा देणाऱ्या खात्यांना मात्र तीन वर्षांत परिणाम हवा असतो आणि तीन वर्षांत या झाडाकडे दाखवण्यासारखी दोन-चार पाने असतात. दरम्यान कॅन्ससमधील सॅलिना येथील लँड इन्स्टिट्यूट या संस्थेने याच्या जवळच्या नातेवाइकाला, सिल्फियम इंटेग्रिफोलियमला, बहुवर्षायू तेलबियांचे पीक बनवण्याचे काम हाती घेतले आहे: दरवर्षी न नांगरता, न पेरता, खोल ओलीवर येणारे सूर्यफुलासारखे पीक. कल्पना मोलाची आहे, पण तिच्यात वर सांगितलेलाच पेच आहे. पैदासकार प्रत्येक पिढीत जास्त बी आणि लवकर बी देणारी झाडे निवडतो. झाडाची कमाई एकच असते; ती बियांकडे वळवली तर ती कुठून तरी वळते. ती मुळांकडून वळत असेल, तर भरघोस पीक देणारा वाण चांगल्या वर्षांत उत्तम दिसेल आणि फरक उघडा पडेल तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या कोरड्या वर्षी. म्हणून अशा वाणाची परीक्षा उताऱ्याच्या आकड्यांवर संपवता येणार नाही. निवडीच्या प्रत्येक टप्प्यावर काही झाडांची मुळे खणून मोजावी लागतील, आणि ते काम आजही कुदळ-फावड्याचेच आहे.